आईंचा गुडघा आणि घरचा बदलता नंबर

माझ्या सासूबाईंचा डावा गुडघा बदलला आणि त्यानंतर आमच्या घरच्या इंटरनेटचा नंबर दिवसातून दोन-तीनदा बदलायला लागला. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात यायला जवळजवळ अख्खा उन्हाळा गेला. (मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये सीनियर आहे. लोक अडलं की माझ्याकडे येतात!)

सुरुवात डॉक्टरांनी केली. ऑपरेशननंतर घरी सोडताना त्यांनी आईंना बजावलं, "आजी, जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, स्टुलावर चढायचं नाही."

"मग करायचं काय?"

"आराम."

"तो मेल्यावर करणारच आहे की," आई म्हणाल्या.

डॉक्टर हसले, नर्स हसली, माझा नवरा शिरीषसुद्धा हसला. मी हसले नाही. कारण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आजी एकदा जरी पडल्या, तर पुन्हा सगळं उघडावं लागेल आणि ह्या वयात ते सोपं नाही. आणि दुसरं कारण म्हणजे मी आईंना ओळखते. दिवाळीच्या साफसफाईत घरातले सगळे झोपलेले असताना माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ एकटीने खाली उतरवणारी बाई आहे ती! आराम हा शब्द त्यांना फक्त दुसऱ्यांच्या बाबतीत माहीत आहे. ("तुझा काय बाई आराम चाललाय" वगैरे.)

आमचं घर बदलापूरला मांजर्लीत, तिसऱ्या मजल्यावर, बिनालिफ्टचं. शिरीष सकाळी कामाला जातो तो रात्री उगवतो. मी नऊला निघते. म्हणजे दिवसभर घरात आई, त्यांचा नवा गुडघा आणि जुना स्वभाव. माझा जीव नुसता टांगणीला लागला. मग मी ठरवलं, घरच्या कॉम्प्युटरला कॅमेरा लावायचा आणि ऑफिसातून आईंवर लक्ष ठेवायचं.

शिरीष म्हणाला, "अगं, तयार कॅमेरे मिळतात बाजारात. मोबाइलमध्ये ॲप टाकलं की झालं."

"आणि आपल्या आईंचं चित्र कुठल्या परक्या कंपनीच्या कपाटात जाऊन पडणार? मुळीच नाही! घरचा कॉम्प्युटर, घरचा कॅमेरा. मी ऑफिसातून थेट घरात डोकावणार. मध्ये कोणी नाही."

"मध्ये कोणी नाही, म्हणजे बिघडलं की बोंबलायलाही कोणी नाही. बघ बाई," असं म्हणून त्याने पेपर वर केला.

कॅमेरा मी उल्हासनगरहून आणला. दुकानदार म्हणाला, "भाभी, आँख बंद करके ले जाओ." मी खरोखरच डोळे मिटून घेतला. पण पहिल्या दिवशी असं झकास चित्र आलं की विचारू नका. हॉल, खिडकी, खुर्ची, खुर्चीत आई, आईंच्या पुढ्यात कोथिंबीर! अख्खा ड्रॉइंग सेक्शन माझ्या टेबलाभोवती जमला. आमच्या देशपांडे साहेबांनी तर स्वतःची खुर्ची ओढून आणली आणि आईंनी शेवटची काडी निवडेपर्यंत ते हलले नाहीत. "वा! निगुतीचं काम आहे," म्हणाले. मी संध्याकाळी घरी जाऊन आईंना ही शाबासकी कौतुकाने सांगितली. आईंनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. मला वाटलं, लाजल्या.

दुसऱ्या दिवशी चित्र गायब.

मी नेटवाल्या सुनीलभाऊंना फोन लावला. बदलापूरच्या अर्ध्या गच्च्यांवरून ह्या माणसाच्या वायरी गेलेल्या आहेत. त्यांनी शांतपणे समजावलं, "मॅडम, इंटरनेटवर तुमच्या घराला एक नंबर असतो. तोच घराचा पत्ता. पण तो कायमचा नाय. तुमचा राउटर बंद होऊन चालू झाला ना, की कंपनी नवीन नंबर देते. तुम्ही कालच्या नंबरवर शोधताय."

"असं कसं? भाडेकरू आहोत का आम्ही?"

"तसंच समजा."

"मग घरात नसताना नवा नंबर मला कळणार कसा?"

"घरी कोणाला तरी विचारायचं," सुनीलभाऊ म्हणाले आणि शिडी चढायला गेले.

घरी कोणाला तरी म्हणजे आईंना! मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर मधोमध भल्यामोठ्या आकड्यांत चालू नंबर दिसेल अशी सोय केली आणि ऑफिसातून फोन केला.

"आई, पडद्यावर नंबर दिसतोय का?"

"दिसतोय."

"वाचा."

"वाचला."

"मोठ्याने वाचा, आई!"

"एकशे तीन. टिंब. मग... मधली टिंबं पण सांगायची का?"

"नको, टिंबं मला माहीत आहेत."

"मग पुढचंही माहीत असेल. मला कशाला उठवलंस?"

"आई, प्लीज."

"हा सात आहे का एक? थांब, पलीकडच्या खोलीतून चष्मा आणते."

"उठू नका!"

"उभीच आहे मी. बसून दिसतोय का तुझा नंबर?"

हे असं आठवडाभर चाललं. मग एका रात्री जेवताना शिरीष वरणभात कालवत म्हणाला, "म्हणजे आई उठते की नाही, हे बघण्यासाठी तू रोज आईला उठवतेस." मी त्याला ताकसुद्धा वाढलं नाही. पण मुद्दा बरोबर होता, आणि नवऱ्याचा मुद्दा बरोबर असला की फार चिडायला होतं.

तेव्हा मी पदर खोचला. कितीतरी रविवार खर्ची घालून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. घरचा नंबर बदलला की कॉम्प्युटरने स्वतःहून मला मेल टाकायची, "नवीन नंबर अमुक." कोणी उठायला नको, कोणी वाचायला नको. पहिली मेल आली त्या दिवशी मी सेक्शनमध्ये पेढे वाटले! आईंच्या खुर्चीच्या अगदी हाताशी राउटरचं बटण आणून दिलं आणि त्यांना नीट शिकवलं.

"आई, कधी नेट अडलं असं मी फोनवर म्हणाले, तर बसल्या बसल्या हे बटण बंद करायचं, दहा आकडे मोजायचे आणि चालू करायचं. नवा नंबर आपोआप माझ्याकडे येईल."

"म्हणजे बटण बंद असेपर्यंत तुला इथलं काही दिसत नाही?"

"काही म्हणजे काही दिसत नाही."

"बरं," आई म्हणाल्या.

तो "बरं" मी जरा लक्ष देऊन ऐकायला हवा होता.

मार्च सरला, ऊन तापलं आणि मेलींचा पाऊस सुरू झाला. अकराच्या सुमाराला चित्र जायचं, बाराला नवा नंबर. दुपारी पुन्हा जायचं, चारला पुन्हा नवा नंबर. मी धावत नव्या नंबरवर जाऊन बघावं, तर आई आपल्या खुर्चीत, पाय स्टुलावर, हातात पोथी. चेहरा असा सात्त्विक, की बघणाऱ्याने हात जोडावेत. माझा जीव भांड्यात पडायचा आणि राग सुनीलभाऊंवर निघायचा.

"भाऊ, काय लाइन आहे का चेष्टा?"

"मॅडम, लाइन एक नंबर आहे. तुमचा राउटर बंद-चालू होतोय."

"आपोआप?"

"आता तुमच्या घरातलं मी काय सांगणार?"

मग मी राउटर गरम होतो असं ठरवलं आणि त्याच्यासाठी छोटा पंखा आणला. मग वीज कमीजास्त होते असं ठरवलं आणि स्टॅबिलायझर आणला. मग राउटरच बदलला. घरातल्या माणसांपेक्षा त्या डब्याची बडदास्त जास्त! आईसुद्धा हळहळायच्या, "तापत असेल गं बिचारा. मी त्याच्यावर ओला फडका टाकू का?" मी म्हटलं, "नको आई, तुम्ही उठू नका." त्या म्हणाल्या, "छे, मी कुठे उठते!" (इथे त्या खरं बोलत होत्या, हे मला फार नंतर कळलं.)

त्यात चित्रात एक नवीन दोष निघाला. आईंच्या साडीवर, हातांवर, कधी कपाळावर पांढरे पांढरे ठिपके दिसायला लागले. मी तडक रविवारी उल्हासनगर गाठलं आणि कॅमेरा दुकानदाराच्या काउंटरवर आपटला.

"चित्रात पांढरे डाग येतात!"

त्याने कॅमेरा पुसला, स्वतःच्या मशीनला लावला, माझ्याकडे रोखून बघितलं. "भाभी, माल एकदम साफ है. घर पे सफेदी का काम चालू है क्या?"

"घरी काही काम चालू नाही!"

"तो फिर कॅमेरा झूठ नहीं बोलता. बाकी आपकी मर्जी."

मी तिथे जे भांडले ते शेजारच्या कापडवाल्यानेही ऐकलं. शेवटी त्याने वैतागून दुसरा कॅमेरा दिला. दुसऱ्या कॅमेऱ्यातही ठिपके आले. माझी खात्री पटली की उल्हासनगरचे सगळे कॅमेरे एकाच कारखान्यात खराब होतात.

आणि मग तो मंगळवार उजाडला. साडेदहाला चित्र गेलं. अकरा वाजले, मेल नाही. बारा वाजले, मेल नाही. आईंना फोन केला, वाजून वाजून थांबला. पुन्हा केला, पुन्हा तेच. समोरच्या भोईरकाकूंना केला. ह्या काकू मूळच्या इथल्याच, त्यांच्या भाताच्या शेतावरच आमची बिल्डिंग उभी आहे. एरवी काकू पहिल्या रिंगला उचलतात आणि आपण बोलायच्या आत बोलायला लागतात. त्यांनीही उचलला नाही. शिरीषचा फोन कव्हरेजच्या बाहेर. (तो नेहमी अशाच वेळी बाहेर असतो.)

मी सुनीलभाऊंना फोन केला. आदल्याच आठवड्यात ज्यांना नाही नाही ते बोलले होते, त्यांना म्हटलं, "भाऊ, हात जोडते, जरा घरी जाऊन बघा ना. आई फोन उचलत नाहीत."

"मांजर्लीतच आहे मी. टेन्शन नका घेऊ, पाच मिनिटांत फोन करतो."

पाच मिनिटं गेली. वीस गेली. मी लावला तर सुनीलभाऊपण उचलेनात!

असं काय बघितलं असेल त्या माणसाने, की फोन करायचा धीर होत नाही? मी पर्स उचलली, देशपांडे साहेबांना काय सांगितलं ते मला आठवत नाही, आणि रिक्षात बसले. "दादा, बदलापूर, मांजर्ली. आणि उडवा!" रिक्षात बसल्या बसल्या हॉस्पिटलला फोन करून ॲम्ब्युलन्स मागवली. रस्ताभर मला दिसत होतं ते एकच, हॉलमधली फरशी आणि तिच्यावर आई. मी रडत होते हे मला रिक्षावाल्याने रुमाल पुढे केला तेव्हा कळलं. आईंचं आणि माझं रोज वाजतं, पण लग्न होऊन आले तेव्हा मला साधी भाकरी थापता येत नव्हती, आणि ही गोष्ट त्यांनी माहेरच्या एकाही माणसाला कळू दिली नव्हती. अशी बाई एकटी पडली असेल! "दादा, अजून जोरात!" मी म्हटलं.

गेटवर मी आणि ॲम्ब्युलन्स एकदमच पोचलो. वॉचमन गाडी बघून गोंधळून उभा राहिला. मी विचारलं, "वर कोणी गेलं का?"

"ताई, सकाळपासून बाया वर जातायत. तुमच्याकडेच. खाली कोणीच आलं नाय अजून."

मी जिन्याचा कठडा धरूनच चढले. मागे स्ट्रेचर घेऊन दोघं जण. तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि बघते, तर आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग! दार अर्धवट उघडं. दुपारच्या वेळी, आमंत्रण नसताना, दाराबाहेर एवढ्या चपला कधी असतात हे मला कोणी सांगायला नको होतं. मी तिथेच दाराला धरून हंबरडा फोडला, "आई गं!"

आतून आईंचा खणखणीत आवाज आला, "कोण केकाटतंय गं दारात? पीठ उडेल, दार लोटून घ्या!"

मी दार ढकललं. हॉलभर जुन्या साड्या अंथरलेल्या. त्यांच्यावर बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या बायका, गाऊन घातलेल्या, पाय पसरून, पोळपाट पुढ्यात घेऊन, धडाधड उडदाचे पापड लाटत होत्या. भोईरकाकू कोपऱ्यात पाट्यापाशी बसून वरवंट्याने पीठ कुटत होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत तेलात. सुनीलभाऊ भिंतीला टेकून बसले होते, हातात ताटली, ताटलीत तेलात बुडवलेल्या पापडाच्या लाट्या, आणि तोंडात मावेल तेवढी लाटी. आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध, डॉक्टरांनी सांगितलेल्या उंच खुर्चीत, पाय डॉक्टरांनी सांगितलेल्या स्टुलावर, उशी डॉक्टरांनी सांगितली तिथे, आई! दोऱ्याने पिठाच्या एकसारख्या लाट्या कापत बसलेल्या. कपाळावर पांढरा ठिपका.

माझ्या मागून स्ट्रेचरवाले आत आले आणि एकच किंकाळी उठली. सगळ्या बायकांनी गाऊनवर ओढण्या ओढल्या. जिला ओढणी सापडली नाही तिने पोळपाट धरला.

"काय जालं गो?" भोईरकाकू वरवंटा टाकून धावल्या. "कोन गेला? कोनाकरं आली गारी?"

मी सुनीलभाऊंकडे बघितलं. त्यांनी लाटी गिळली. "मॅडम, मी फोन करणारच होतो. पण आजी म्हणाल्या, हात तेलाचे आहेत, आधी खाऊन घे."

"आई, फोन का नाही उचललात?"

"तो गोदरेजच्या कपाटात ठेवलाय, साड्यांखाली. तुझं काय सांगता येतं? त्यातही डोळा बसवला असशील."

"आणि राउटर?"

"बंद केला. रोजच करते. बाया आल्या की बंद, गेल्या की चालू."

"पण का?"

आईंनी दोरा खाली ठेवला. "का म्हणजे? दरवर्षी पापड गच्चीच्या जिन्यापाशी व्हायचे. ह्या वर्षी मला जिना चढता येत नाही, म्हणून ह्या सगळ्या पीठ-पाट घेऊन माझ्याकडे आल्या. पोह्याचे, साबुदाण्याच्या चकल्या, आज उडदाचे. वाळवण भोईरीणीकडे. घरच्या घरी गाऊनवर येऊन बसतात बिचाऱ्या. आणि तिकडे तुझा तो साहेब खुर्ची ओढून बघत बसतो! बायकांना पाय पसरायची चोरी? मी एकटी असते तेव्हा बघ की मला खुशाल."

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, आई दमाल, आई पडाल, आई नको. डॉक्टरने सांगितलेलं एक तरी मोडलंय का मी? मांडी घातली? स्टुलावर चढले? खुर्चीत बसून बडबड करायला त्याने मनाई केली नव्हती."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी भर हॉलमध्ये, एक चप्पल पायात, एक जिन्यात, खाली बसले आणि लहान पोरीसारखी रडले. "मला वाटलं तुम्ही पडलात," एवढंच म्हणता आलं. आईंनी एक लाटी तेलात बुडवून माझ्यापुढे धरली. "खा. आणि नाक पूस आधी."

स्ट्रेचरवाल्यांपैकी मोठा होता तो दारातच खोळंबला होता. त्याने घसा खाकरला. "मॅडम, गाडी काढून आलोय, रिपोर्ट द्यावा लागतो. पेशंट कोण आहे?"

आईंनी शेजारचं लाटणं उचललं आणि माझ्याकडे रोखलं.

"ही. गुडघा माझा आहे, पण कळा हिला येतात. तपासा."

मी नाही नाही म्हणेपर्यंत भोईरकाकूंनी मला खुर्चीत कोंबलं होतं. त्या माणसाने माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, पुन्हा फुगवला, पुन्हा बघितला. मग त्याने आधी आईंकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "आजी ठीक आहेत," तो म्हणाला. "पण मॅडम, तुमचं बीपी बरंच वाढलंय. उद्या डॉक्टरांना भेटून घ्या."

तेव्हापासून आमच्या घरात रोज सकाळी न चुकता गोळी घेणारी एकच बाई आहे, आणि तिचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत.